आवर, आटप, बेगीन ये : घाईच्या शब्दांची कुळं

घंटाळीकर
गुरुवार, रात्री १०.४२

मंडळी, प्रश्न घरातलाच आहे, पण घरात सुटेना म्हणून इथे आणला.

कन्या नववीत, मराठी माध्यम. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. विस्थापन, चाल, वेग इथपर्यंत गाडी नीट आली आणि ‘त्वरण’पाशी अडकली. “बाबा, त्वरण म्हणजे त्वरा करणं ना? मग आई सकाळी मला जे करायला लावते ते त्वरण का?” मी म्हटलं, नाही गं, वेग ज्या दराने बदलतो त्याला त्वरण म्हणायचं. यावर पलंगावरून आमचे तीर्थरूप, जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले : “त्वरण हा काय शब्द झाला? प्रवेग म्हण. वाईच्या विश्वकोशात प्रवेगच आहे.” आजोबा-नातीचं जुंपलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “आवरा आता, साडेदहा वाजले.”

दिवे मालवले, पण डोक्यात चक्र सुरू. लवकर, पटकन, चटकन, झटकन, झटपट, लगेच, लागलीच, लगोलग, ताबडतोब, तातडीने, तडक, भराभर, भरभर, सत्वर, जलद... अंथरुणात पडल्या पडल्या वीस-बावीस झाले. एवढे शब्द लागतात कशाला? आणि आले कुठून? नुसती यादी नको, कुळ-मूळ ठाऊक असेल तर सांगा. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळची मंडळी इथे बरीच आहेत. घाईतलं आपल्याइतकं कोणाला कळणार?

आठ_बाराची_फास्ट
गुरुवार, रात्री ११.०५

पहिला मान माझा, आयडीकडे बघा.

‘जलद’ हा आपण रोज फलाटावर ऐकतो. तो फारसी ‘जल्द’. ‘जल्दी’ही त्याच घरातली. पण गंमत अशी की संस्कृतात वेगळाच एक ‘जलद’ आहे. जल देणारा तो जलद, म्हणजे ढग. वारिद, नीरद, अंबुद यांचा भाऊ. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, मराठीत येऊन एकाच आडनावाने राहतात इतकंच.

आणि जून-जुलैत ठाणे स्टेशनला याचा रोख पुरावा मिळतो. संस्कृतातला जलद आला की फारसीतला जलद बंद पडतो.

शाल्मली_सेक्टर_१७
गुरुवार, रात्री ११.२०

हाहा, भारी.

मध्य रेल्वेवर तीच घोषणा हिंदीत होते तेव्हा ‘तेज लोकल’ म्हणतात. हा ‘तेज’ म्हणजे फारसी ‘तेज़’, मूळ अर्थ धारदार. आपला ‘तेज’ मात्र संस्कृत तेजस्, चकाकी, प्रभाव. इथे मात्र दोघं खरोखरच नातेवाईक आहेत. तेजस् ज्या ‘तिज्’ धातूपासून आला त्याचा अर्थ धार लावणे, तीक्ष्ण करणे. ‘तीक्ष्ण’ही त्यातलाच. संस्कृत आणि फारसी या जुन्या चुलतबहिणी, त्यामुळे एकीकडे धार चकाकली, दुसरीकडे पळाली. आम्हा मराठी लोकांत फारसी तेज फारसा रुजला नाही, पण तेजी-मंदी पाहा! बाजारात तो पक्का मुरला.

शुद्धलेखनाचा_शत्रू_नव्हे
गुरुवार, रात्री ११.४८

धागा चांगला आहे, म्हणून माझं एक जुनं दुखणं इथे काढतो. ‘तात्काळ’ लिहिणं थांबवा. तत् + काल = तत्काल, त्या वेळी, त्याच वेळी. मराठीत तत्काळ. काना कुठून आला? ‘तात्कालिक’मध्ये आहे, कारण तिथे ‘इक’ लागल्यावर आद्य स्वराची वृद्धी होते. तिथला काना उचलून लोकांनी इकडे चिकटवला. रेल्वेची ‘तत्काल’ योजना १९९७ सालची, तिचा फलक तरी बरोबर असतो. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर मात्र ‘अतितात्काळ’ असतं. त्याच वेळी, त्यातही अति!

घंटाळीकर
गुरुवार, रात्री ११.५५

शत्रू नव्हे, मान्य. पण तत्काळात वेग कुठाय? ‘त्याच वेळी’ एवढंच. ‘तत्क्षणी’ पण तसाच.

शुद्धलेखनाचा_शत्रू_नव्हे
शुक्रवार, रात्री १२.०२

नाहीच आहे. ‘सद्यः’ बघा. स + द्यु, ‘त्याच दिवशी’. संस्कृतात त्याचा अर्थ ताबडतोब असाही होतो. एका दिवसात झालं म्हणजे ताबडतोब! त्याच सद्यःवरून आपलं ‘सध्या’. निवांत काळ होता तो.

खारेगाव_टोलनाका
शुक्रवार, सकाळी ६.५०

लवकर = लव + कर. प्रेम कर. सोपं आहे. हलके घ्या.

मालवणी_कोपरी
शुक्रवार, सकाळी ७.१५

खारेगाव, तुमका सकाळी सकाळी काय सुचता! :)

आमच्या घरात लवकर, जलद, त्वरित यातलं कायच नाय. आमचा एकच, ‘बेगीन’. “बेगीन ये”, “बेगीन जेव”. आई कोपरीच्या चाळीत चाळीस वर्षं राहिली, पण घाई झाली की कणकवलीच बाहेर पडायची. लहानपणी वाटायचं हा आमचा गावठी शब्द. कॉलेजात मराठीच्या बाईंनी संतांच्या अभंगातला ‘वेगीं’ शिकवला आणि एकदम उजेड पडला. वेगीं, बेगी, बेगीन. घाटावरचे ‘बिगीबिगी’ म्हणतात तोही तोच. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला ‘वेग’ नि माझ्या आयशीचा ‘बेगीन’ एकाच पोटातले. गावठी कसला, आमचाच जुना!

चौथी_सीट
शुक्रवार, सकाळी ८.३०

+१

चौथी_सीट
शुक्रवार, सकाळी ८.३१

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

घोडबंदर_पिकअप
शुक्रवार, दुपारी १.१०

मी शब्दकोशातला माणूस नाही, गॅरेजमधला आहे. कासारवडवलीला वडिलांच्या वेळेपासून गॅरेज. तर आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते “गाडीला त्वरण नाही” म्हणत नाही, “प्रवेग नाही”ही म्हणत नाही. म्हणतं, “पिकअप गेलाय.” गायमुखचा चढ लागला की कळतो पिकअप. शंभरावर पळते पण पिकअप नाही, हे आमच्या पोऱ्याला बरोबर समजतं. म्हणजे वेग वेगळा, वेग वाढायची ताकद वेगळी. घंटाळीकर, कन्येला पिकअप म्हणून समजवा, एका मिनिटात कळेल.

बाकी आमचे शब्द : रेस देणे (उभ्या गाडीला पण देतात, उगाच), एक्सलेटर दाबणे, बाईकवाल्यांचं पिळणे (मूठ पिळतात म्हणून), हाणणे, ताणणे, पळवणे. आणि दामटणे. दामटणे हा गाडीचा शब्द नाही. आजोबांचा टांगा होता, तेव्हा घोडं दामटायचे. आता टँकर दामटतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपलंच घोडं पुढे दामटणारे वेगळे, त्यांना पिकअप उपजतच असतो.

खाडीकाठची
शुक्रवार, दुपारी ३.२५

पिकअपदादा, टांग्यावरून आठवलं ते आधी लिहिते.

‘चाबूक’ हा फारसी. तिकडे त्याचा एक अर्थ चक्क ‘चपळ, जलद’ असा आहे, दुसरा घोड्याचा कोरडा. आपण कोरडा तेवढा घेतला. चाबूकस्वार म्हणजे घोड्याला चाल शिकवणारा. त्याच्या जोडीचा ‘चालाक’, तोही तिकडे चपळ, तडफदार. आपल्याकडे येईपर्यंत पायातली चपळाई डोक्यात गेली आणि चलाख झाला. ‘हातचलाखी’त मात्र जुना अर्थ तसाच राहिलाय. तिथे खरोखर हाताचा वेगच असतो. ‘बेफाम’ म्हणजे फहम, समज, नसलेला. पेपरात “बेफाम वेगाने” छापतात तेव्हा शब्दशः ‘अक्कल गहाण ठेवलेल्या वेगाने’. फारच नेमकं आहे ते!

एक लक्षात घ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा निघाला १८३१ मध्ये. बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे कोश झाला तेव्हा गाडीला २२ वर्षं अवकाश होता. तोवर माणसाने अनुभवलेला वेग म्हणजे घोडा, वारा आणि स्वतःचे पाय. म्हणून आपले शब्द तिथलेच आहेत. ‘चौखूर उधळणे’ घोड्याचं, ‘सुसाट’ वाऱ्याच्या आवाजावरून. ‘धावपळ’मध्ये दोन पाय वेगवेगळे आहेत. धावणे हे धाव्, नुसतं धावणं. पळणे हे पलायन, भिऊन पळणं. आपण सकाळी जी करतो ती धावपळ असते, नीट जोडशब्द आहे. निम्मं गाडीकडे धावणं, निम्मं घरापासून पळणं.

आता घंटाळीकरांचा खरा प्रश्न. झटकन, पटकन, चटकन, तडक, खटकन हे सगळे आवाज आहेत. झट, पट, चट, तड. काहीतरी मोडलं, फुटलं, आपटलं की जो ध्वनी होतो, तेवढ्याच वेळात काम व्हावं. मागे ‘कन’ लावा, ‘दिशी’ लावा, देशावर ‘दिनी’ लावतात. दोनदा म्हटलं की पटापट, चटाचट. इथे वेगाचं मोजमाप नाहीच, नुसता आवाज.

आणि लगेच? हा माझा लाडका. लगेच, लागलीच, लगोलग, सगळे ‘लागणे’चे. चिकटून असणे, भिडून असणे. ‘लगत’ घ्या : शेताला लगत विहीर. ‘लगेच ये’ म्हणजे वेगाने ये असं नव्हेच, या कामाला ते काम चिकटवून ये, मधे फट ठेवू नकोस. हळूहळू चालत आलास तरी हरकत नाही, पण मधे गोखले रोडवर वडा खायला थांबू नकोस.

आता गंमत पाहा. इंग्रजीतला ‘फास्ट’. त्याचा जुना अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. विमानात पट्टा ‘फासन’ करा म्हणतात तो हाच. साडीच्या दुकानात अजून विचारतो आपण, “रंग फास्ट आहे ना?” म्हणजे पक्का आहे ना, पळणार नाही ना. उपासाचा ‘फास्ट’सुद्धा त्याच घट्ट धरण्यातून आलाय. वेगाचा अर्थ फार नंतरचा. तेव्हा इंग्रजांनी आणि आपण, एकमेकांना न विचारता, चिकटण्यातूनच घाई काढली. आठ_बाराची_फास्ट यांच्या डब्यात उभं राहिलं की दोन्ही अर्थ कळतात.

आठ_बाराची_फास्ट
शुक्रवार, दुपारी ३.४०

खाडीकाठची ताई, साष्टांग. रंग पळणे आणि गाडी फास्ट! म्हणजे रंग फास्ट असला की पळत नाही आणि गाडी फास्ट असली की पळते.

चालचलनकार
शुक्रवार, सायंकाळी ५.०५

वाचनखूण साठवली.

एक भर. ऑफिसात मेल येतात ‘एक्सपेडाइट करा’. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘पाय मोकळे करणे’. बेडीतून पाय सुटला, माणूस निघाला. उलट पायात अडकवलं की ‘इंपीड’. आता हाच वाक्प्रचार मराठीत घ्या. “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणजे जेवणानंतर तलावपाळीला एक चक्कर, मसुंदा तलावाच्या कठड्यावर बसकण, शेंगदाणे, कुल्फी, दीड तास. रोमनांनी पाय मोकळे केले तर फाईल पळाली, आम्ही मोकळे केले तर फाईल घरी राहिली.

ताबडतोब_बेलापूर
शुक्रवार, सायंकाळी ६.२०

माझ्या आयडीचा शब्द कोणीच घेतला नाही? निषेध.

हिंदीत ताबडतोड आहे, पण त्याचा अर्थ एकामागून एक, दणादण. आपला ताबडतोब म्हणजे आत्ताच्या आत्ता. हल्ली मराठी वाहिन्यांवर “ताबडतोड फलंदाजी” ऐकतो, तेव्हा हिंदी अर्थ मराठी घरात घुसलेला असतो. तुफानी म्हणा, तडाखेबंद म्हणा, आपल्याकडे काय कमी आहे का?

सरकारी बाजू सांगतो. आमच्या टेबलावर ‘शीघ्र’, ‘द्रुत’, ‘जलद’, ‘त्वरित’ सगळे येतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. न्यायालय ‘जलदगती’. पोलिसांचं पथक ‘शीघ्र’. तळोज्याला केंद्राच्या ज्या दलाचा तळ आहे ते मराठी पेपरात शीघ्र कृती दल, हिंदीत द्रुत कार्य बल. रस्ता मात्र ‘द्रुतगती’. कळंबोलीहून पुण्याला जाणारा तो. पत्र ‘तातडीचे’. कोणी ठरवलं कोणास ठाऊक, पण ‘तातडीगती मार्ग’ म्हटलं तर विनोदी वाटतं, आणि ‘द्रुत पत्र’ म्हटलं तर पत्र गायला बसेल.

खाडीकाठची
शुक्रवार, सायंकाळी ६.४५

गायला बसेल! बरोबरच आहे. विलंबित, मध्य, द्रुत. आणि छंदात तर दोघं एकाच घरात नांदतात, द्रुतविलंबित. गण न, भ, भ, र. सुरुवातीला लघू पटापट पडतात आणि मग चाल लांबते.

द्रुत हा ‘द्रु’ धातूचा. धावणे आणि वितळणे दोन्ही. द्रव, द्रवणे त्यातलेच. मन द्रवतं, सोनं द्रवतं आणि गाडी धावते ती एकाच धातूने. (इथे धातू दोन्ही अर्थी, हे मुद्दाम सांगत नाही.) आणि ‘क्षिप्र’ म्हणजे क्षिप्, फेकणे. फेकल्यासारखं जलद. आशू म्हणजेही जलद. आशुकवी, आणि आपल्या कोपिनेश्वराचं, म्हणजे शंकराचं, एक नाव आशुतोष, चटकन प्रसन्न होणारा. देवांना इकडे घाई असते हे बरंच आहे.

उलट शनी पाहा, शनैश्चर : शनैः चरणारा, सावकाश चालणारा. ग्रहांत सगळ्यांत संथ दिसणारा म्हणून ते नाव. आपल्याकडे तो कोणाच्या मागे लागला की मात्र ‘लगेच’ लागतो.

निवृत्त_नाही_सेवानिवृत्त
शुक्रवार, रात्री ९.१५

मी घंटाळीकरांचा तो पलंगावरचा बाप. नातीने आयडी काढून दिला.

प्रवेग की त्वरण यावर मला भांडायचं नाही. पुस्तकात त्वरण आहे, परीक्षेत त्वरणच लिहावं. पण एक मुद्दा मांडतो, तो कुठल्याही शब्दाच्या बाजूने नाही.

‘वेग’ हा संस्कृत ‘विज्’ धातूचा. विज् म्हणजे हादरणे, थरथरणे, दचकून उठणे. ‘उद्वेग’ त्यातलाच, ‘आवेग’ त्यातलाच. पुस्तकात वस्तुमान गुणिले वेग म्हणजे ‘संवेग’ आहे. हाच संवेग पतंजलीच्या योगसूत्रांत तळमळ या अर्थी येतो. सगळं कुटुंब अस्वस्थ माणसांचं.

आता लोकलमध्ये उभे राहा. ठाण्याहून गाडी सुटते तेव्हा मागे रेटले जाता, वरची कडी घट्ट धरता. ब्रेक लागला की पुढे कोसळता. पण मधे, गाडी एकाच वेगाने सरळ रुळावर धावत असताना काय जाणवतं? काही नाही. डोळे मिटले तर गाडी चालू आहे की उभी हे खडखडाटावरूनच कळेल. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. म्हणजे हादरवणारं, थरथरवणारं जे आहे ते त्वरण. आणि थरथरीचा शब्द दिलाय वेगाला! विज्चा हक्क खरा दुसरीकडे होता.

मी शिकवताना हे वर्गात सांगत असे. पुढे एखादं धीट पोरगं विचारायचं, “सर, मग नावं बदलू या का?” मी म्हणायचो, नको, आधी पाठ झालंय.

तसंच वळणाचं. गाडी वेग न वाढवता नुसती वळली तरी त्वरण असतं, कारण दिशा बदलली. त्यात त्वरा अजिबात नाही. आणि ब्रेक दाबला तर ऋण त्वरण, पुस्तकात त्याला मंदन असंही नाव आहे. तेव्हा त्वर् धातूतली घाई विज्ञानाच्या दारापर्यंतच येते, आत येत नाही. त्वर्चा खरा वंशज हवा असेल तर ‘तुरग’ : तुर म्हणजे जलद, जलद जाणारा तो घोडा.

पिकअपवाले, तुमचा शब्द मला आवडला. नातीला पटला.

घोडबंदर_पिकअप
शुक्रवार, रात्री ९.३०

सर, नमस्कार. मी तुमच्याकडे नापास झालो नव्हतो, पण झालो असतो.

घंटाळीकर
शुक्रवार, रात्री ९.४२

बाबा इथे आले आणि मला न सांगता! आता धाग्यावर जपून लिहावं लागणार.

शाल्मली_सेक्टर_१७
शुक्रवार, रात्री १०.१०

आजोबांचा प्रतिसाद वाचून मला ‘विलंब’ आठवला, कारण तोही असाच उलट बसलाय.

विलंब हा ‘लम्ब्’चा. लटकणे, लोंबणे. प्रलंबित खटला म्हणजे लटकलेला खटला. आपलं ‘लोंबणे’, ‘लोंबकळणे’ त्याच लम्ब्चं मराठी रूप. विनाविलंब किंवा अविलंब म्हणजे न लटकवता.

आता सकाळची घोषणा ऐका : गाड्या विलंबाने धावत आहेत. त्याबद्दल दिलगीर. आणि गाडी आल्यावर दारात माणसं लोंबकळत. गाडीचा विलंब जितका जास्त, तितकी दारात लोंबकळणारी जास्त. दोन्हीकडे एकच धातू लटकतोय. हे मी वाशीहून ठाण्याच्या गाडीत, आतल्या बाजूला सुरक्षित उभी राहून लिहिलंय, दारातून नाही. आई वाचत असेल तर.

(ट्रान्स-हार्बर सुरू झाली २००४ मध्ये. त्याआधी बाबा बसने ऐरोली पुलावरून जायचे. तेव्हा विलंब होता, लोंबकळणंही होतं, फक्त बसच्या मागच्या फळीला.)

शुद्धलेखनाचा_शत्रू_नव्हे
शुक्रवार, रात्री १०.३५

खारेगावच्या ‘लव कर’वर हसू येतं, पण लव खरंच आहे. संस्कृतात लव म्हणजे तुकडा, अंश, काळाचाही अगदी बारीक भाग. लवलेश, लवमात्र. लवकर म्हणताना मला हा लव दिसतो.

मालवणी_कोपरी
शुक्रवार, रात्री १०.५०

आणि मला ‘पापणी लवते’ दिसता. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, असं म्हणतात ना?

खाडीकाठची
शुक्रवार, रात्री ११.१०

आणि मला लघु दिसतो. :) लवकरवर तीन हक्कदार झाले, सात-बाराचा उतारा काढा आता.

पण लघुबद्दल एक गोष्ट पक्की सांगते. संस्कृतात लघु म्हणजे हलका, आणि हलका म्हणून चपळ, जलदसुद्धा. हाताच्या चपळाईला ‘हस्तलाघव’ म्हणतात ते त्यामुळे. तोच लघु प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’ झाला आणि मराठीत आला तो ‘हळू’. हलका, म्हणून हलक्या पावलाने, म्हणून सावकाश. संस्कृतात जो जलद होता त्याचाच नातू मराठीत हळू. एकच हलकेपणा : एकाने त्याचा वेग केला, दुसऱ्याने त्याचा अलगदपणा. घाटातल्या पाट्यांवर एका बाजूला ‘वाहने हळू चालवा’ आणि जरा पुढे ‘अति घाई संकटात नेई’ असतं. त्या हळूच्या आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मी तर जोरात चालवायचो.

ताबडतोब_बेलापूर
शुक्रवार, रात्री ११.२५

हे भन्नाट आहे. मी आता फाईलवर ‘लघु’ शेरा मारणार, साहेबांनी काय ते समजून घ्यावं.

चालचलनकार
शनिवार, सकाळी ७.४०

‘गडबड’ राहिला. हा शब्द घाईच्या पलीकडे गेलेला आहे. “गडबडीत आहे” म्हणजे घाईत. वर्गात बाई म्हणतात “गडबड करू नका” म्हणजे आवाज. आणि “यात काहीतरी गडबड आहे” म्हणजे घोटाळा. घाई, गोंगाट, घोटाळा, हा क्रमही बरोबर आहे. आधी घाई होते, मग आरडाओरडा, मग घोटाळा निघतो.

अवांतर : नेरूळला आमच्या शेजारी मुलं व्याख्यानं दीडपट वेगाने ऐकतात. मी ऐकायचा प्रयत्न केला. वक्ता भटजीबुवांसारखा वाटला, लग्नाचा मुहूर्त टळत असताना.

खारेगाव_टोलनाका
शनिवार, सकाळी ८.०५

रामरक्षेत मनोजव आहे. जव म्हणजे वेग, मनासारखा वेग असलेला. ‘मारुततुल्यवेग’ पण लगेच पुढे. (लगेच, खाडीकाठच्या अर्थाने : चिकटून.) आता राम मारुती रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी घालून बघा, ना मन पुढे जातं ना मारुती. मारुती म्हणजे गाडीसुद्धा.

या वेळी मी गंभीर लिहिलं, नोंद घ्यावी.

घंटाळीकर
शनिवार, सकाळी ११.२०

सगळ्यांचे आभार. बावीस शब्दांवर सुरू केलं होतं, वहीत आता पंचेचाळीस आहेत.

एक शब्द मात्र कोणीच घेतला नाही, आणि तो आमच्या घरातला सर्वांत जास्त वापरला जाणारा. पहिल्या पोस्टमध्येच होता. ‘आवर’.

आवरणे म्हणजे गोळा करणे, पसारा आवरणे, आणि आवर घालणे, रोखणे. “राग आवर”, “स्वतःला आवर”. बैल उधळला तर आवरतात. तर मग हिच्या तोंडी “आवर गं लवकर, व्हॅन येईल” म्हणजे काय? आटपणे, उरकणे हे पण असेच : संपवणे. यातल्या एकातही पळायचं नाव नाही. आपल्या घरात कोणी कोणाला “वेग वाढव” म्हणत नाही. म्हणतो ते “संपव” किंवा “आवर”. पसारा कमी झाला की घाई आपोआप होते, असा काहीतरी हिशेब असावा आयांचा.

आज सकाळी हा प्रयोग झाला. शनिवार, सकाळची शाळा. हिने नेहमीप्रमाणे आवाज दिला, “आवर!” कन्या दारात बुटाची नाडी हातात धरून जागच्या जागी थिजून उभी. “नक्की काय करू? पळू की थांबू?”

उत्तर काय मिळालं ते इथे लिहीत नाही. व्हॅन गेली. मी स्कूटरवरून सोडून आलो.

घोडबंदर_पिकअप
शनिवार, सकाळी ११.३१

स्कूटरचा पिकअप कसा आहे? सोमवारी घेऊन या, कार्बोरेटर बघून देतो. सरांच्या घरची गाडी, मजुरी लावणार नाही.

निवृत्त_नाही_सेवानिवृत्त
शनिवार, सकाळी ११.५०

मजुरी घ्यायची. आणि तू कुठल्या सालचा?